रेडिओवर ऐकलेलं, मोबाईलवर वाचलेलं

(भोपाळमधील मराठी मंडळींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली, तिथूनच सुरुवात करतो. 'बेळगाव १९५६ साली महाराष्ट्रातून तोडून कर्नाटकाला दिलं' अशी एक पोस्ट आली. डोकं तापलं आणि विचार न करता पुढे पाठवली. संध्याकाळी नातू विचारतो, "आजोबा, १९५६ ला महाराष्ट्र होता कुठे?"

बरोबरच होतं त्याचं. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. बेळगाव होतं मुंबई राज्यात, तिथून ते म्हैसूर राज्यात घातलं. त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ मध्ये. एका ओळीत दोन चुका, आणि दोन्ही समोरच्याला आयत्या मिळालेल्या.

खरं तर मला हे पाठ असायला हवं. त्याच पुनर्रचनेमुळे आमचं घर भोपाळला आलं. वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून; तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं. वडील सांगायचे, शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती सगळा वाडा जमला होता. दुसऱ्या दिवशी बेळगावात लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. आपण १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतो तो त्याचाच. पण वडिलांच्या आठवणीत बेळगाव कधी आलंच नाही. त्यांना घोर होता नोकरीचा, बिऱ्हाडाचा. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला आली आणि फायलींच्या मागोमाग वडीलही आले. इथे त्या दिवशी स्थापना दिवस असतो, बंगळुरात राज्योत्सव आणि बेळगावात काळा दिन. तारीख एकच.

भोपाळचा इतिहास मात्र मला रेडिओनं शिकवला. शाळेत एवढंच कळलं होतं, की देश १९४७ ला स्वतंत्र झाला. एका दुपारी रेडिओवर दोन वयस्कर गृहस्थांची चर्चा लागली होती. भोपाळ संस्थान भारतात विलीन झालं ते १ जून १९४९ ला, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याआधी १४ जानेवारीला नर्मदाकाठी बोरासला, संक्रांतीच्या जत्रेत, तिरंगा घेतलेल्या तरुणांवर गोळ्या झाडल्या होत्या. बोलता बोलता त्यातले एक थांबले आणि म्हणाले, हे मी पाहिलेलं नाही, ऐकीव आहे. बाकीची चर्चा विसरलो, हे वाक्य राहिलं.

मोबाईलवर असं थांबणारं कुणी फारसं भेटत नाही. सीमाभागातली गावं किती, यावर एकाच पोस्टखाली एक जण ८१४ म्हणतो, दुसरा ८६५. दोघेही आपलेच, आणि भांडतायत एकमेकांशी! आकडा कुठल्या कागदातून घेतला हे कुणीच सांगत नाही. २००४ पासून आपला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे 'ग्रुपवर आलं होतं' म्हणून भागत नाही.

मोबाईलला मी नावं ठेवत नाही बरं का. सीमाभागातली पोरं आजोबांचे मराठी शाळेचे दाखले, जमिनीचे जुने उतारे टाकतात, ते मला कुठल्या रेडिओवर मिळाले असते? अशा एका फोटोपुढे शंभर कमेंटी फिक्या.

चूक सुधारून मी तिथेच लिहिलं. लगेच एकानं विचारलं, "काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" उत्तर दिलं नाही. नातवाला घेऊन वडिलांची ट्रंक उघडली. तळाशी १९५६ चा बदलीचा हुकूम निघाला, शाई उडालेली, पण वाचता येतो. पुढच्या बैठकीला तो घेऊन येतो. तुमच्याही घरात काही असेल, तर तुम्ही पण आणा.