जिम्म्याचा तळ आवरला तेव्हा

आवरलेली घरं मी लहानपणीच पाहिली. 1963च्या सुमारास सोलापूरची जुनी गिरणी बंद झाली आणि आमच्या चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं हलली. पण एक अख्खा विमानतळ आवरताना पाहण्याचा योग आला तो थेट इथिओपियात, 1977 साली.

त्या काळी इथिओपियाच्या सरकारी शाळांत भारतीय शिक्षक पुष्कळ होते. मी नैऋत्येकडच्या जिम्मा गावी गणित शिकवत होतो. सगळा कॉफीचा मुलूख. माझ्या घराजवळच मिशन एव्हिएशन फेलोशिप या ख्रिस्ती संस्थेचा तळ होता. महायुद्धात विमानं चालवलेल्या काही जणांनी 1945 साली अमेरिकेत ही संस्था काढली. तळ म्हणजे फार मोठं काही नव्हे. पत्र्याची शेड, सेस्ना जातीची एक इंजिनाची विमानं, पेट्रोलची पिंपं आणि दोन-चार कुटुंबं. जिम्म्याच्या पलीकडे ओमो नदीच्या खोऱ्याकडे रस्ते जवळजवळ नव्हतेच. तिकडच्या मिशन दवाखान्यांना औषधं, मीठ, टपाल न्यायचं आणि रोगी घेऊन यायचं, हे या विमानांचं काम. पिंपातलं पेट्रोल हातपंपानं भरायचं, तेही मऊ कातड्यातून गाळून, म्हणजे पाण्याचा थेंब इंजिनात जाऊ नये. चढणाऱ्या प्रत्येकाला सामानासकट काट्यावर उभं करायचे. मीही एकदा हौसेनं वजन करून घेतलं. विमानात बसायचं धाडस मात्र झालं नाही.

1974 साली सम्राट हैले सेलासी यांना पदच्युत करून लष्करी मंडळ सत्तेवर आलं. 1977च्या फेब्रुवारीत मेंगिस्तू सर्वेसर्वा झाले. मार्चमध्ये राजधानीतलं लुथरन पंथाचं नभोवाणी केंद्र सरकारनं ताब्यात घेतलं, आणि त्याच महिन्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला गोडे इथं डॉन मॅक्लूर हे वृद्ध मिशनरी गोळीबारात मारले गेले. एप्रिलमध्ये अमेरिकी कचेऱ्या बंद करण्याचा हुकूम निघाला. आमच्या शेजाऱ्यांनी काय ते ओळखलं.

मग सुरू झाल्या याद्या. स्क्रूच्या डब्यांपासून दोरखंडापर्यंत सगळं मोजून लिहायचं. ‘केबेले’ म्हणजे तिथली वॉर्ड समिती. तिची माणसं येऊन तीच यादी पुन्हा तपासायची. वैमानिकाच्या बायकोनं व्हरांड्यात बरण्या, पडदे, मुलांची खेळणी मांडली. मी एक प्रेशर कुकर घेतला. शिवणयंत्र गुंडाळायला त्यांना काही मिळेना, तेव्हा अक्कानं निघताना दिलेली सोलापुरी चादर मी देऊन टाकली. कपाटातले डबे संपवायचे म्हणून त्या घरी रोज काहीतरी अजब जेवण व्हायचं. एका रात्री मटार आणि गोड पीच एकाच ताटात! मुलं मात्र खूश होती. कुत्रं कोणी न्यायचं यावरून तेवढी रडारड झाली.

मला लागून राहिला तो रेडिओ. रोज सकाळी एक स्थानिक तरुण त्यावर बसे. तिकडे दिवस उगवल्यापासून तास मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. एक वाजला की तो दूरदूरच्या ठाण्यांना पाळीपाळीनं हाक मारी. ढग कुठवर आहेत, धावपट्टीवर चिखल आहे का, कोणी आजारी आहे का. शेवटच्या आठवड्यात त्यानं एकेका ठाण्याला सांगितलं की आता विमान येणार नाही. मी शेजारी उभा होतो. पलीकडून प्रश्न आला, “मग बाई अडली तर?” पावसाळा तोंडावर होता. तो म्हणाला, “आवाज नीट येत नाही, पुन्हा सांगा.” आवाज स्वच्छ येत होता, मलासुद्धा.

विमानं गेली, खांबावरचा रेडिओचा तारही उतरवला. तरी सकाळी तो तरुण शेडपाशी येऊन उभा राही. जुन्या गिरणीचा भोंगा थांबल्यावरही आमचे वडील पहाटे उठून डबा शोधत, ते मला आठवे.

एका संध्याकाळी तो माझ्या दारी आला. मला तो ‘गाशे’ म्हणे, म्हणजे आपल्याकडचं दादा. हातात संस्थेच्या छापील कागदावर लिहिलेला दाखला होता. इतकी वर्षं प्रामाणिकपणे काम केलं, यंत्रांची चांगली जाण आहे, वगैरे. त्याच्याजवळ शिक्षणाचा दुसरा कागद नव्हता. आणि घराची झडती झाली, तर हाच कागद त्याला अडचणीत आणणार होता. “गाशे, तुमच्या पुस्तकांत ठेवा. परदेशी मास्तरचं घर कोणी तपासणार नाही.”

मी नाही म्हणालो. माझं कंत्राट होतं, बायको नुकतीच तिकडे आली होती. कारणं पुष्कळ होती. त्यानं वाद घातला नाही. कागदाची घडी केली, बुटात सरकवली आणि गेला.

पुढे बाजारात तो कॉफीची पोती वजन करताना दिसला. काट्यावरचा आकडा वाचता वाचता त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं पोतं ओढलं. मीही हाक मारली नाही.