राग आवरणाऱ्यांना धडे कोण देणार?



  अध्यक्षीय भाषणात व्हर्च्युअल रिॲलिटीच्या उपचारांचा आढावा घ्यावा, अशी या परिषदेच्या संयोजकांची सूचना होती. आढावा थोडक्यात आटोपतो. गेली कित्येक वर्षं एक गोष्ट मनात खदखदते आहे, ती आज बोलणार आहे.

१९९५ मध्ये अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीला घाबरणाऱ्यांना हेडसेटमधून पूल, गच्ची आणि काचेची लिफ्ट दाखवली. त्यांची भीती कमी झाली. पुढे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर असेच उपचार झाले. सिएटलमध्ये भाजलेल्या रुग्णांचं ड्रेसिंग करताना लक्ष वेदनेवरून हटावं म्हणून ‘स्नोवर्ल्ड’ हे बर्फाचं आभासी जग तयार झालं. आता हे तंत्र भावनांच्या नियमनाकडे वळलं आहे. राग किंवा धास्ती चाळवणारा प्रसंग हेडसेटमध्ये हळूहळू उभा करायचा, छातीतली धडधड रुग्णाला ओळखायला लावायची, श्वास आणि विचार सावरायला शिकवायचं. मॉन्ट्रियलच्या डग्लस संस्थेतल्या संशोधकांनी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या इनुइट या मूलनिवासी लोकांसाठी असा उपचार आखायला घेतला, तोही त्या समाजातल्या सल्लागारांना सोबत घेऊन. आढावा इथे संपला.

इनुइटांचं उदाहरण मी मुद्दाम निवडलं. नुनाविक म्हणजे क्वेबेकचा उत्तर भाग. तिथे चौदा गावं आहेत आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही, विमानच पकडावं लागतं. लोक घरी इनुक्तितुत बोलतात. डॉक्टर आणि समुपदेशक बहुतेक दक्षिणेतून येतात, काही काळ राहतात आणि परत जातात. नवा माणूस आला की रुग्णाने आपलं दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. अशा ठिकाणी हेडसेट पाठवून द्यावा, असं कुणालाही वाटेल. पण त्याआधी केसपेपरवर एक ओळ लिहिली जाते: ‘भावनिक नियमनात उणीव’. माझं भांडण या ओळीशी आहे.

उणीव कुणाची? जीन ब्रिग्ज ही मानववंशशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात आर्क्टिकमध्ये एका इनुइट कुटुंबात मुलगी म्हणून राहिली. त्या घरात मोठी माणसं रागावत नसत. लहान मूल चिडलं तर त्याच्यावर ओरडणं हा मोठ्यांचा पोरकटपणा मानला जाई. बाहेरून मासेमारीच्या हौसेने आलेल्यांनी लोकांची एक नाव मोडली आणि दुसरी मागितली, तेव्हा ब्रिग्ज त्यांच्यावर भडकली. ती यजमानांच्याच बाजूने बोलत होती, तरी तिच्या रागापायी त्यांनी तिला कित्येक आठवडे दूर ठेवलं. १९७० साली तिने हे सारं ‘नेव्हर इन अँगर’ या पुस्तकात मांडलं. राग आवरण्याची इतकी कडक शिस्त पाळणाऱ्या समाजाला आपण भावना आवरण्याचे धडे देणार?

मग या समाजात आज दिसणारी पडझड आली कुठून? १९५३ आणि १९५५ मध्ये कॅनडा सरकारने नुनाविकमधल्या इनुकजुआक गावची कुटुंबं उचलून सुमारे २००० किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीझ फिऑर्डला नेऊन सोडली. क्षयाच्या रुग्णांना जहाजांतून दक्षिणेच्या सॅनेटोरियममध्ये नेलं. त्यातले कितीतरी परतले नाहीत आणि त्यांना कुठे पुरलं हेही घरच्यांना कळलं नाही. मुलांना निवासी शाळांत घालून त्यांची भाषा तोडली. शिकार आणि प्रवास ज्यांच्या जिवावर चाले, ते घसरगाडीचे कुत्रे मारले. नुनाविकमधल्या त्या हत्येबद्दल कॅनडा सरकारने माफी मागितली ती २०२४ मध्ये. इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ साली आत्महत्या रोखण्याचं धोरण जाहीर केलं. चारही इनुइट प्रदेशांत आत्महत्यांचं प्रमाण एकूण कॅनडाच्या ५ ते २५ पट असल्याचं त्यात नमूद आहे. संस्कृतीचं सातत्य टिकवणं हे त्या धोरणात उपचारसेवेच्या बरोबरीने येतं. आपल्या केसपेपरवर यासाठी रकानाच नाही.

आता हेडसेटमधल्या दृश्याकडे वळू. ते जितकं हुबेहूब तितका परिणाम मोठा, असं सकाळच्या सत्रात काही सहकारी हिरिरीने म्हणाले. त्यांना माझ्या कोकणातल्या रुग्णाबद्दल सांगतो. तो एका मचव्याचा तांडेल. पुतण्या वादळात गेला, तेव्हापासून घरात हाणामारी, रात्री झोप नाही. एका तरुण सहकाऱ्याने त्याला हेडसेट घातला आणि कंपनीचं तयार दृश्य लावलं: शांत किनारा, मंद लाटा, बासरी. दोन मिनिटांत त्याच्या मुठी खुर्चीच्या हातांवर आवळल्या. हेडसेट ओढून काढत तो म्हणाला, “वारा पडलाय डॉक्टर, पण पाणी ओढतंय.” तो समुद्र अगदी हुबेहूब होता. आम्हाला विसावा दिसला तिथे त्याला ओढ दिसली. पुढच्या वेळी फाटकं जाळं घेऊन भावजयीसोबत यायला सांगितलं. गाठी मारता मारता तो पुतण्याचं नाव घेऊन बोलू लागला. हात थांबला की भावजय पुढचा धागा त्याच्या हातात देई. त्याच्या रागाला वाट तिथे मिळाली.

म्हणून हुबेहूबपणाचा वाद माझ्यापुरता मिटला आहे. कोणतं दृश्य शांत आणि कोणतं जीवघेणं, हे तिथलीच माणसं सांगू शकतात. हिमावरचा प्रकाश पाहून इनुइट शिकाऱ्याला दिलासा मिळतो की तुटणाऱ्या बर्फाची चाहूल लागते, हे मुंबईत किंवा मॉन्ट्रियलमध्ये बसून ठरत नाही. माझा विरोध यंत्राला नाही. डग्लसच्या संशोधकांनी समाजातली माणसं सल्ल्याला घेतली, त्यांचं मी मोकळेपणाने कौतुक करतो. पण सल्ला विचारणं ही सुरुवात झाली. निर्णय त्या समाजाच्या हाती हवा, आणि हेडसेट उतरल्यावर समोर रुग्णाच्या भाषेत बोलणारं, उद्याही तिथेच राहणारं माणूस हवं.

आपल्याकडेही हे हेडसेट आले आहेत. उद्या ते मेळघाटात आणि गडचिरोलीत पोचतील. तेव्हा कोरकू आणि गोंडी बोलणारे कार्यकर्ते तयार लागतील, दृश्यं तिथल्या लोकांसोबत बसून निवडावी लागतील आणि केसपेपरही नव्याने आखावा लागेल. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. मी हाताशी आहे.

आज मात्र एक ठराव मांडतो. ज्या समाजावर उपचार करायचे, त्या समाजाची माणसं निर्णयाच्या जागी नसतील, तर अशा कोणत्याही प्रकल्पाला या परिषदेने पाठिंबा देऊ नये. हा ठराव आपण एकमताने मंजूर करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.