घरचा माणूस आत गेल्यावर
(जिल्हा मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात महिला आघाडीच्या एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण)



या मांडवात जेल न पाहिलेले जुने कार्यकर्ते थोडेच असतील. रास्ता रोको केला, गाडी भरून नेलं, आठ-पंधरा दिवस राहून आले. परत आले तेव्हा गावानं हार घातले, पेढे वाटले. त्या जेलाबद्दल आपण अभिमानानं बोलतो आणि बोलावंही. मी आज दुसऱ्या जेलाबद्दल बोलणार आहे. त्यात गेलेल्याला कोणी हार घालत नाही, त्याच्या बायकोला विहिरीवर कोणी बोलत नाही, आणि त्याचं नाव कोणत्याच सभेत निघत नाही.

माझे घरचे सात महिने आत होते. धुऱ्याचं भांडण, भावकीतलंच. खटला अजून चालू आहे, म्हणून कोण बरोबर नि कोण चूक यावर मी बोलणार नाही. ज्यांना मार लागला त्यांचाही तो हंगाम गेला, एवढं मात्र सांगते. मी बोलणार आहे ती हिशेबाची गोष्ट. आपली चळवळ हिशेबातून उभी राहिली. एकरी खर्च किती, क्विंटलला पडतं काय, हे आपण सरकारला विचारायला शिकलो. तसाच जेलचाही हिशेब असतो. कायदा एका माणसाला आत घालतो, आणि बिल घराच्या नावानं येतं. माझ्या घराला आलेल्या बिलातला निम्म्याहून जास्त आकडा अज्ञानाचा होता.

११ जून २०२२, शनिवार. मृग लागलेला, बियाणं घरात आणून ठेवलेलं. संध्याकाळी नेलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मला वाटलं कोर्ट बंद, आता सोमवारीच काय ते होईल. मी घरी बसून राहिले. पण अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा. रविवार असो की दिवाळी, त्यासाठी एक कोर्ट नेमलेलं असतं. आमच्या घरच्यांना रविवारीच उभं केलं आणि त्यांच्या बाजूनं बोलायला तिथं कोणी नव्हतं.

आता लक्षात ठेवा. अटक झाली की अटकेचा पंचनामा करतात. त्यावर घरच्या किंवा गावातल्या एका तरी भल्या माणसाची सही पाहिजे. अटक केल्याचं घरच्यांना कळवलं पाहिजे. डी. के. बसू यांच्या प्रकरणात १९९६ साली सुप्रीम कोर्टानं हे घालून दिलं, पुढं ते कायद्यातच आलं. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल त्या भाषेत दिली पाहिजेत, हे त्याच कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा ठणकावून सांगितलं. तेव्हा ठाण्यावर रडत जाऊ नका. दोन माणसं घेऊन जा, गुन्हा नंबर आणि कलमं कागदावर लिहून आणा. वकील कुठलाही असो, पहिला प्रश्न तोच विचारतो.

वकिलाचं सांगते. चौथ्या दिवशी मी बैलजोडी विकली. ७० हजार आले. एक ओळखीचा माणूस घरी आला होता. म्हणाला, वहिनी, वरपर्यंत आपलं चालतं, पीसीआर वाढू देत नाही. त्यानं ४० हजार नेले. पावती नाही, काही नाही. पीसीआर व्हायचा तेवढाच झाला. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांच्या वर देताच येत नाही, हे मला तेव्हा माहीत असतं तर त्याला मी दारातूनच परत पाठवला असता. (१ जुलै २०२४ पासून फौजदारीचा नवा कायदा आला. त्यात हे १५ दिवस सलगच घ्यावेत असं नाही, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानं मागता येतात. म्हणून एमसीआर झाला आणि नंतर पुन्हा पीसीआर मागितला तर आभाळ कोसळलं असं समजू नका. बेरीज १५ च्या वर जात नाही.)

आणि वकील फुकट मिळतो. कोठडीत असलेल्या कोणालाही, त्याचं उत्पन्न किती हे न विचारता, सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं दिलेला आहे. बायकांनाही तो आहे, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. तुम्ही म्हणाल, फुकटचा वकील काय कामाचा? मीही तसंच म्हटलं होतं. पण पुढं माझी दोन कामं झाली ती त्याच ऑफिसातल्या एका तरुण वकील पोरीनं केली. पैसे घेतलेल्या वकिलानं फोन उचलणं बंद केलं होतं.

सगळ्यात मोठं नुकसान कसं झालं ते ऐका. खुनाच्या प्रयत्नाचं कलम होतं. अशा मोठ्या कलमांत, म्हणजे फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं नि त्याहून जास्त शिक्षेच्या कलमांत, पोलिसांनी ९० दिवसांत चार्जशीट दिली नाही तर जामीन हा हक्क होतो. बाकीच्या कलमांत ६० दिवस. गुन्हा किती मोठा हे मग कोर्ट बघत नाही. मात्र अर्ज करावा लागतो, आणि तो चार्जशीट दाखल व्हायच्या आधी. एकदा चार्जशीट पडली की तो हक्क संपला. दिवस मोजायचे ते अटकेपासून नाही, तर कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून.

आमचा पहिला दिवस १२ जून. नव्वदावा दिवस ९ सप्टेंबर, त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी कोर्ट उघडलं आणि मी त्या दिवशी रानात फवारणीला होते. मंगळवारी १३ तारखेला चार्जशीट पडली. सोमवारचा एक दिवस आमच्या हातात होता. त्या दिवशी एक अर्ज पडला असता तर घरचे पितृपक्षातच घरी आले असते. ते आले संक्रांतीच्या चार दिवस आधी. एका अर्जाच्या मागं चार महिने गेले. वकिलानं मोजायला पाहिजे होतं, खरं आहे. पण पेरणीपासून किती दिवसांनी डवरणी हे आपण दुसऱ्यावर सोडतो का? भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजा. ५५ व्या आणि ८५ व्या दिवशी वकिलाच्या दारात जाऊन बसा.

डिसेंबरात सेशन कोर्टानं जामीन दिला. मी समजले, सुटले. तर म्हणे जामीनदार आणा. गावात कोणी तयार होईना. सातबारा दिला की जमीन जाते, ही भीती. तसं नसतं. माणूस पळाला, तारखेला आलाच नाही, तर जेवढ्या रकमेचा मुचलका लिहून दिला तेवढ्या रकमेपुरता जामीनदार जबाबदार. शेवटी माझा भाऊ वाशीमहून आला, त्याचा सातबारा, ऐपतीचा दाखला सगळं घेऊन. खिडकीवर सांगण्यात आलं, जिल्ह्याबाहेरचा जामीनदार चालत नाही. भाऊ परत गेला. त्यात एकोणीस दिवस गेले.

मध्य प्रदेशात मोतीराम नावाचा एक गवंडी होता. त्यालाही असंच झालं होतं. दहा हजारांचा जामीन मागितला, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक निकाल दिला आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. त्या निकालाला ४४ वर्षं झाल्यावर माझ्या भावाला खिडकीवर तेच उत्तर मिळालं. आमचे घरी आले आणि तीन आठवड्यांनी, ३१ जानेवारी २०२३ ला, सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं की स्थानिकच जामीनदार पाहिजे अशी अट कोर्टांनी घालू नये. जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. जामीनदार नाही म्हणून महिना गेला तर अट सैल करायचा विचार कोर्टानं स्वतः करायचा. या आदेशाची तारीख पाठ करा आणि खिडकीवर सांगा. ऐकलं नाही तर न्यायाधीशांपुढं अर्ज द्या, रोख रक्कम भरून घ्या म्हणूनही मागता येतं. पैसाच नसेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना २०२३ साली सुरू झाली, तेव्हा जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरवली होती. त्याचाही रस्ता प्राधिकरणाच्या ऑफिसातूनच जातो.

२०२२ च्या अखेरीला देशातल्या जेलांत जेवढी माणसं होती त्यातली चारातली तीन कच्चे कैदी होती, म्हणजे खटला न संपलेली. नव्या कायद्यात अशांसाठी एक दार आहे. त्या कलमाला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा आहे तिच्या निम्मी मुदत आत गेली असेल, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर कोर्टानं जामिनावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना आणि एकाहून जास्त खटले असणाऱ्यांना ते लागू नाही. जुन्या खटल्यांनाही ते लागतं, असं सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं.

आता शेताचं. सातबारा घरच्यांच्या नावावर, पीककर्ज त्यांच्या नावावर, खातं त्यांच्या नावावर. बँकेत गेले तर म्हणे त्यांना घेऊन या. दीर म्हणाले, मी एक स्टॅम्प आणतो, दादाची सही घेऊन येतो, सगळं मी बघतो. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सूनबाई, माझ्याच पोटचा आहे, पण कोऱ्या कागदावर सही होऊ देऊ नको. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

बरोबर रस्ता असा आहे. जेलमधल्या माणसाला मुखत्यारपत्र करता येतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात लिहिलंय की जो जेलात आहे त्याला नोंदणी ऑफिसात हजर राहण्याची सक्ती नाही. रजिस्ट्रारसाहेबांनी जेलात जायचं किंवा आपला माणूस पाठवून तपासून घ्यायचं. अर्ज आपण करायचा, जेलच्या अधीक्षकांना आणि रजिस्ट्रारला. आमचं हे काम त्या वकील पोरीनं करून दिलं, पाच आठवडे लागले. मुखत्यारपत्र खास कामापुरतं करा. कर्ज नवं-जुनं करणं, माल विकणं, पैसे काढणं, अनुदान घेणं. जमीन विकण्याचा अधिकार त्यात लिहू नका, सख्ख्या भावाला देत असाल तरी. आणि मी तर म्हणते, बायकोच्या नावानं करा. शिक्षा झाली तरी सातबाऱ्यावरचं नाव कमी होत नाही. वाहणारा बदलला, पीक पाहणीत दुसरंच काही चढलं, की मग खरी भांडणं. ई-पीक पाहणी घरच्या माणसानं करावी.

माझी मुखत्यारी ऑक्टोबरात झाली, तोवर हंगाम हातचा गेला होता. बैल नव्हते, भाड्याची डवरणी वेळेवर मिळाली नाही, तणानं पऱ्हाटी दाबली. १८ क्विंटलच्या रानात ९ क्विंटल निघाला. तोही खेड्यातच दिला, बाजारापेक्षा हजार रुपये खाली. व्यापाऱ्यालाही माहीत, हिला परवा वकिलाचे पैसे द्यायचेत. करा तुम्हीच बेरीज.

मुलाकातीचं थोडं. पहिल्यांदा गेले तेव्हा ज्वारीच्या चार भाकरी आणि ठेचा बांधून नेला. दारातूनच परत केला, घरचं शिजवलेलं घेत नाहीत म्हणे. परतीच्या एसटीची वाट बघत स्टँडवर मीच खाल्ला. आधारकार्ड नेलं होतं म्हणून आत तरी सोडलं. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा: वार कोणता, वेळ किती, काय चालतं. ई-मुलाकातीची नोंदणी मोबाईलवर होते, शंभर किलोमीटरचा हेलपाटा वाचतो. वकीलपत्रावर त्यांची सही लागते ती तुरुंगाधिकाऱ्यांच्या साक्षीनं होते, आत निरोप द्या.

शिक्षा झालेल्यांच्या घरांना वेगळे नियम आहेत. संचित रजा, अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, हे पक्क्या कैद्यांनाच, कच्च्यांना नाही. घरात मयत झाली, कोणी फार आजारी पडलं, तर दाखला घेऊन लगेच अर्ज करा. आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा गैरसमज काढून टाका. जन्मठेप म्हणजे जन्मभर. खुनासारख्या कलमातल्या जन्मठेपेत चौदा वर्षांच्या आत सरकारलाही सोडता येत नाही, इतकंच चौदाचं नातं. चौदा वर्षं मोजून कोणी बटईचे करार करू नयेत.

माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. शाळेत एकानं हटकलं, तुझा बाप कुठं आहे रे. तो आठ दिवस शाळेत गेला नाही. मी हेडमास्तरांकडं गेले, सगळं खरं सांगितलं. त्यांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, बाकी काही बोलले नाहीत. लपवलं असतं तर पोरगं शाळेतून गेलं असतं.

बराच वेळ घेतला. जेवणानंतर मांडवाच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ, मी एक टेबल मांडून बसणार आहे. विधी सेवेच्या अर्जाचे नमुने आणलेत, आणि मुखत्यारपत्राचा कच्चा मसुदा आहे. ज्यांच्या घरचं कोणी आत आहे त्यांनी यावं. नाव-गाव सांगायची गरज नाही, कोणता गुन्हा तेही मी विचारणार नाही. पहिली कोठडी कोणत्या तारखेला मिळाली, तेवढी तारीख घेऊन या.