पाटाचें पाणी आणि शेवटचें शेत
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं आम्ही आपणांपुढें एका इंजिनियराचें चरित्र ठेवूं इच्छितों. आपल्या पॅरिशमधील कित्येक तरुण ही विद्या शिकत आहेत, आणि 'जमिनीचा विकास' हे शब्द तर आपल्या वसईंत घरोघरीं ऐकूं येतात. त्या शब्दांचा खरा अर्थ ज्यांच्या आयुष्यावरून कळतो, ते पुरुष म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांत झाला. पितृछत्र लहानपणींच हरपलें. बंगळूर येथें मुलांच्या शिकवण्या करून त्यांनीं आपलें शिक्षण चालविलें. पुढें संस्थानची शिष्यवृत्ति मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले. १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत ते रुजू झाले व त्यांची पहिली नेमणूक नाशिक येथें झाली. खडकवासला येथील तलावावर त्यांनीं बसविलेले, पूर येतांच आपोआप उघडणारे दरवाजे पुष्कळांस ठाऊक आहेत. परंतु आम्हांस त्यांचें दुसरें एक काम अधिक मोलाचें वाटतें.

दख्खनच्या कालव्यांवर अशी स्थिति असे कीं, पाटाच्या तोंडाशीं ज्याचें शेत, तो उंसाला हवें तितकें पाणी घेई, आणि शेवटच्या गांवीं पाट कोरडा राही. बरें, ज्यानें अधिक घेतलें त्याचें तरी हित झालें काय? नाहीं. अति पाण्यानें जमीन पाणथळ होते, खालचे क्षार वर येतात, आणि सोन्यासारखें शेत नापीक होऊन जातें. यावर विश्वेश्वरय्यांनीं ब्लॉक पद्धति सुचविली. प्रत्येक गांवांतील ठराविक जमिनीलाच पाणी द्यावें. त्यांतील सुमारें एक तृतीयांशावर ऊंस व बाकीच्या भागांत कमी पाण्याचीं पिकें घ्यावीं, आणि हीं पिकें आळीपाळीनें फिरवावीं. म्हणजे तेंच पाणी अधिक गांवांस पोहोंचतें आणि जमीनहि जगते. यांत नवी भिंत नाहीं, नवें धरण नाहीं. आहे तो फक्त न्याय आणि हिशेब.

१९०९ सालीं ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले व १९१२ सालीं दिवाण. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचें काम त्यांनीं हातीं घेतलें, हें सर्वश्रुत आहे. पण केवळ दगडचुन्यानें देश उभा राहत नाहीं, हें ते जाणून होते. त्यांच्या कारकीर्दींत १९१६ सालीं म्हैसूर विद्यापीठ स्थापन झालें, व १९१७ सालीं बंगळूरास इंजिनियरिंग कॉलेज निघालें. भद्रावतीच्या लोखंडी कारखान्याच्या कामाबद्दल मिळावयाचा मोबदला त्यांनीं स्वतः घेतला नाहीं. तो तरुणांना हातचा धंदा शिकविण्याकडे लागावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांतून १९४३ सालीं बंगळूरास जी संस्था निघाली, तिला त्यांनीं आपलें नांवहि देऊं दिलें नाहीं. शिकवण्या करून शिकलेला मुलगा आपलें ऋण विसरला नव्हता. १९६२ सालीं, शंभरी ओलांडल्यावर, त्यांनीं देह ठेवला.

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. आपल्या वाडवडिलांनीं वाड्यांतून बावखलें खणलीं. पावसाचें पाणी त्यांत सांठे, जमिनींत मुरे, आणि विहिरी गोड राहत. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसांनीं हा हिशेब बरोबर केला होता. आज कित्येक बावखलें भरावाखालीं गेलीं, पावसाळ्यांत पाणी घरांत शिरतें, आणि अति उपशानें कांहीं विहिरींस खारें पाणी लागलें. हा भराव परक्यांनींच घातला, असें म्हणून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. सह्या आपल्याहि आहेत.

तरुणांनो, तुम्ही नकाशे काढाल, जमिनी मोजाल, मोठे पगार मिळवाल. आम्हांस त्यांत आनंदच आहे. परंतु नकाशावर रेघ ओढण्यापूर्वीं हें पाणी कोठें जाईल आणि शेवटच्या शेतकऱ्याचें काय होईल, एवढें विचारीत जा. आणि आठवड्यांतून एक संध्याकाळ पॅरिशच्या शाळेंत येऊन एखाद्या गरीब मुलास गणित शिकवा. मोठ्या देणग्यांपेक्षां या महोत्सवाचें तें स्मारक अधिक टिकेल, असा आमचा विश्वास आहे.