सोबत आणि कारण



‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ’ ही म्हण आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. फांदी मोडली ती कावळ्याच्या भारानें नव्हे, तो केवळ योगायोग, असा तिचा भावार्थ. परंतु दहा वेळां कावळा बसला आणि दहाहि वेळां फांदी मोडली, तर काय म्हणावें? आजच्या विषयाला तेथूनच आरंभ होतो.

जिचें मान बदलत असतें अशा गोष्टीला चल राशि म्हणतात. जिच्या बदलाचा परिणाम पाहावयाचा ती स्वतंत्र राशि. आणि जिच्यावर तो परिणाम होतो कीं काय हें तपासावयाचें ती परतंत्र राशि. शेतांत खत किती घातलें ही स्वतंत्र, पीक किती आलें ही परतंत्र. दोन राशि जोडीनें वाढूं लागल्या, किंवा एक वाढतांना दुसरी घटूं लागली, म्हणजे त्यांच्यांत सहसंबंध आहे असें समजतात. तो मोजण्याची रीत फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८८८ सालीं मांडली, आणि कार्ल पिअर्सन यांनीं १८९६ त तिला आज प्रचारांत असलेलें सूत्र दिलें. त्याचें उत्तर उणें एक ते अधिक एक यांच्या दरम्यान येतें. सोबत किती घट्ट आहे तें हा आंकडा सांगतो. कारण कोणतें तें सांगत नाहीं.

पहिलीपासून मॅट्रिकपर्यंतच्या सर्व मुलांची उंची मोजा, आणि सर्वांना गणिताची एकच परीक्षा द्या. उंच मुलांना गुण अधिक पडलेले दिसतील. म्हणून मुलाला गणित यावें यासाठीं कोणी त्याला आढ्याला लोंबकळत ठेवील काय? उंची आणि गणित हीं दोन्ही वयाच्या मागून चालतात. एकाच वयाचीं मुलें निवडा, म्हणजे तो संबंध बहुतेक विरून जातो.

शाळेंत असला घोटाळा हंसण्यावारीं जाईल. लंडन शहरांत तो प्राणांवर बेतला. १८४८–४९ च्या पटकींत तेथें सुमारें चौदा हजार माणसें मेलीं. सरकारी आंकडेतज्ज्ञ विल्यम फार यांनीं त्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हां एक विलक्षण नियम दिसला. टेम्स नदीच्या पातळीपासून वीस फुटांच्या आंत असलेल्या वस्तींत दर दहा हजारीं १०२ मृत्यु. चाळीस ते साठ फूट उंचीवर अवघे ३४. वस्ती जितकी उंच, तितके मृत्यु कमी. सखल जागीं दूषित हवा दाटते आणि तीच रोग आणते, असा अर्थ फार यांनीं लावला. त्या काळीं बहुतेक विद्वानांचें मत तेंच होतें. आंकडे खरे होते. पण उंची ही खरोखर स्वतंत्र राशि होती काय?

या चुकीच्या समजुतीचें फळ भयंकर होतें. दुर्गंधि हेंच रोगाचें मूळ मानल्यामुळें शहरांतील घाण वाहवून टेम्समध्यें सोडण्यांत येई. आणि असंख्य लोक त्याच नदीचें पाणी पीत.

डॉक्टर जॉन स्नो यांचा संशय त्या पाण्यावर होता. दक्षिण लंडनमध्यें दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लींतून जात. एका घरीं एकीचें पाणी, शेजारीं दुसरीचें. लँबेथ कंपनीनें १८५२ सालीं पाणी घेण्याची जागा शहराच्या वर, टेम्स डिटन येथें, हलविली होती. सदर्क-वॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीपाशीं मैलामिश्रित पाणीच उपसत होती. म्हणजे गल्ली तीच, उंची तीच, हवा तीच. बदल काय तो पाण्यांत. एकाच वयाचीं मुलें निवडण्यासारखीच ही निवड होय.

१८५४ च्या सांथींत स्नो मृत्यु झालेल्या घरांची चौकशी करीत हिंडले. कंपनीचें नांव घरच्यांना सांगतां न आलें, तर पाण्यांतील मिठाचें प्रमाण तपासून ते तें ठरवीत. पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागें सदर्क-वॉक्सहॉलच्या गिऱ्हाइकांत ३१५ मृत्यु झाले, लँबेथच्या गिऱ्हाइकांत ३७. उंचीचा सहसंबंध खोटा नव्हता. सखल वस्त्यांना बहुधा अधिक घाण पाणी मिळे, म्हणून तो दिसत होता. मारणारें होतें तें पाणी.

स्नो १८५८ सालीं वारले. १८६६ च्या सांथींत खुद्द फार यांनींच पूर्व लंडनच्या पाण्याकडे बोट दाखविलें. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं आपल्या कलकत्त्यास संशोधन करून पटकीचा जंतु निश्चित केला.

आपण संशोधक नसूं. परंतु अमुक औषधानें ताप उतरला, अमुक खाद्यानें मूल हुशार झालें, हें आपल्या कानांवर रोज येतें. अशा वेळीं तीन प्रश्न विचारावे. आधीं काय बदललें? दोहोंना चालविणारी तिसरी गोष्ट कोणती असूं शकेल? आणि बाकी सर्व सारखें असून हीच एक गोष्ट निराळी आहे, असें उदाहरण कोठें मिळेल काय? तिसऱ्याचें उत्तर मिळविण्यास स्नो यांना घरोघर हिंडावें लागलें. पहिले दोन प्रश्न विचारण्यास मात्र उंबरठाहि ओलांडावा लागत नाहीं.