ऊन गावाचे, मालकी कोणाची?

लोणावळ्याशेजारचा खंडाळा थंड हवेसाठी प्रसिद्ध आहे. नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्यामधला साताऱ्याचा हा खंडाळा पर्जन्यछायेत पडलेला. निसर्गाने त्याला पाणी हात आखडून दिले. ऊन मात्र सढळ हाताने दिले. त्या उन्हाची आता किंमत ठरू लागली आहे.

ऊर्जेच्या बाबतीत सातारा जिल्हा अननुभवी नाही. कोयनेची वीज 1960 नंतरच्या दशकात मुंबईच्या कारखान्यांपर्यंत गेली आणि धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्याही पुनर्वसनासाठी मोर्चे काढीत राहिल्या. पुढे चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पठार डोंगरातल्या माणसांचे, पाती कंपन्यांची! आता पाळी सूर्याची आहे.

राज्य सरकारने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि 2023 साली तिला विस्तृत रूप दिले. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा तिचा हेतू स्वागतार्हच आहे. मध्यरात्री विंचूकाट्यातून मोटर सुरू करायला जाणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. प्रश्न मालकीचा आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. वर्षाकाठी साधारण पंधरा लाख युनिट वीज निघते. युनिटला तीन रुपये धरले तरी पंचेचाळीस लाखांची. जमीनधारकाला भाडे हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे पाच एकरांना अडीच लाख. उरलेल्या रकमेतून व्याज, देखभाल, यंत्रांची झीज वजा होते हे खरे. पण नफा ज्याचे भांडवल त्याच्याच घरी जातो. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत मिळून पंधरा लाखांचे प्रोत्साहन मिळते. करार मात्र पंचवीस वर्षांचा असतो. प्रकल्पासाठी गायरान दिले गेले, तर ज्याच्यापाशी सातबारा नाही, चार मेंढरे आहेत, त्याला भाडेही नाही आणि चराईही नाही.

मग गावाने काय करावे? गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावी 2016 साली सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पिकाला पाणी देऊन उरलेली वीज ती वीज कंपनीला विकू लागली. पाणी उपसण्यापेक्षा वीज विकणे परवडले, तर विहिरीलाही विसावा मिळतो. खंडाळ्यासारख्या तालुक्यात ही गोष्ट लहान नाही. फुकटच्या उन्हावर रात्रंदिवस नव्हे, पण दिवसभर पंप चालला तरी भूजल आटायला वेळ लागणार नाही.

याहून जवळचा धडा नीरेपलीकडे, पुरंदर तालुक्यातील नायगावचा आहे. सावित्रीबाईंचे नायगाव ते खंडाळ्यातले, हे दुसरे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी अर्धा एकर असा ठरला, भूमिहीनालाही हक्क मिळाला, उसाला बंदी झाली. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. उन्हाचा वाटाही असाच माणशी का मोजू नये?

भांडवल आणायचे कोठून, असे विचारले जाईल. मेगावॅटला काही कोटी लागतात. पण ऊस गाळण्यासाठी सहकारी कारखान्यांना सरकारने भागभांडवल दिलेच होते. ऊन गाळायलाही ते मागता येईल, मात्र सभासदत्व सातबाऱ्यावर न ठेवता. तोवर गायरानाचा ठराव ग्रामसभेपुढे आला, तर हात वर करण्यापूर्वी करारनामा मराठीत मोठ्याने वाचून घ्यावा, आणि पंचविसाव्या वर्षानंतर ती तावदाने व ती जमीन कोणाच्या नावावर राहील, हे त्यात लिहून मागावे.