वेगाचा कागद आणि कोर्टाची पायरी



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे की, ती कोठे लागू पडते व कोठे पडत नाही हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. जमिनीच्या दाव्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्यापुरते तिच्यात शहाणपण पुष्कळ आहे. पण आजच्या विषयात ही म्हण माणसाला बुडविते, असे आमचे म्हणणे आहे. विषय साधा आहे. गाडी भरधाव हाकल्याबद्दल चालान झाले तर माणसाने काय करावे, आणि वकील करावा तो कशासाठी?

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहू. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आपला हा गोंदिया जिल्हा धानाचा. शेतातून गिरणीकडे धान आणि गिरणीतून परमुलखात तांदूळ, अशी मालमोटारींची ये-जा हंगामभर चालते. मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आजचा ५३, कोहमारा व देवरीवरून छत्तीसगडात उतरतो, आणि नवेगाव व नागझिरा ह्यांच्यामधले रान कापीत जातो. थंडीत झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात, आणि पहाटे जागरणाने जड झालेल्या डोळ्यांनी माणसे दुचाकीवरून गाव गाठतात. मालमोटार, बैलगाडी, सायकल, रानातले जनावर आणि नाटकाहून परतणारा पोरगा, सगळे एकाच रस्त्यावर! २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी एस.टी.ची शिवशाही बस ह्याच जिल्ह्यात, गोंदिया-कोहमारा मार्गावर उलटली आणि अकरा माणसे गेली. दुचाकीस्वाराला वाचविताना ती उलटली असे तेव्हा सांगण्यात आले. दोष कोणाचा हे ठरविणे आमचे काम नव्हे. पण रस्त्यावरच्या एका क्षणाची किंमत किती, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याने पाहिले.

वेगाचे गणित सोपे आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, ९० ने जाणारी २५ मीटर. म्हणजे समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढी जमीन मागे पडते. पुढे वेग दीडपट असला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला दीडपट नव्हे, सव्वादोनपट अंतर लागते. तेव्हा वेगाला कायद्याचा लगाम हवा, ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही.

आता कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातील दंड वाढले. वेगाचे दोन गुन्हे त्यात निरनिराळे आहेत, आणि लोकांचा घोटाळा येथेच होतो. कलम १८३ हे नुसती वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल आहे. हलक्या गाडीला एक ते दोन हजार, मध्यम व जड मालगाडीला किंवा प्रवासी गाडीला दोन ते चार हजार रुपये दंड. ही बाब तडजोडीने, दंड भरून मिटते. पण कलम १८४ हे लोकांना धोका होईल अशा वेगाने किंवा रीतीने गाडी हाकल्याबद्दल आहे. तेथे पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. हातातील फोन वापरल्याचा भाग सोडला, तर तेथे तडजोड नाही. मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहावेच लागते. म्हणून कागद हाती आला की रकमेचा आकडा पाहण्याआधी कलमाचा आकडा पाहावा.

दंड भरला म्हणजे सुटलो, हीही समजूत अपुरी आहे. पोलीस अधिकाऱ्याने परवाना ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे धाडला, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिने गाडी चालविण्यास अपात्र ठरविता येते, आणि पुन्हा घडल्यास परवानाच रद्द करता येतो. दंड भरल्याने हे टळत नाही. नोकरदाराला तीन महिने ही अडचण असेल. मालमोटारीच्या चालकाला ती चूल विझण्याची गोष्ट आहे. मात्र त्या अधिकाऱ्यानेही आधी चालकाचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि आपली कारणे लेखी दिली पाहिजेत. ते म्हणणे नीट मांडावयास माणूस हवा की नको?

१८९६ साली इंग्लंडात, केंट परगण्यात, वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाला ताशी आठ मैलांच्या 'भयंकर' वेगाबद्दल एक शिलिंग दंड झाला. शिपायाने त्याला सायकलवरून पाठलाग करून पकडले होते! आपल्याला हसू येते. पण वेग किती होता हे ठरवायचे कोणी व कशाने, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आपल्या कायद्याने त्याचे उत्तर दिले आहे. एकट्या साक्षीदाराला 'वाटले' म्हणून वेगाबद्दल कोणाला दोषी धरता येत नाही. ते मत यांत्रिक अथवा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजणीवर आधारलेले हवे. तसेच कलम २०९ सांगते की, वेगाचा खटला चालवावयाचा तर जागच्या जागी तशी ताकीद, किंवा १४ दिवसांत नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स, ह्यांपैकी काहीतरी झालेले असावे. नाव-पत्ताच कळू शकला नाही, किंवा आरोपीनेच टाळाटाळ केली, तर गोष्ट वेगळी.

हे प्रश्न विचारणे म्हणजे पळवाट शोधणे नव्हे. गाडी कोणती, चालक कोण, मोजणी कशाने झाली, कलम बरोबर लागले का, हे तपासल्यावाचून झालेली शिक्षा हा न्याय नव्हे. वकिलाचे काम हेच. गुन्हा घडला असेल तर चांगला वकील तसे तोंडावर सांगेल, आणि त्या माणसाची परिस्थिती मॅजिस्ट्रेटपुढे मांडील. 'साहेब आपल्या ओळखीचे आहेत' असे जो म्हणेल, त्याच्या दारातून उठून यावे. वकिलाने जाहिरात करू नये, निकालावर अवलंबून फी ठरवू नये, असे बार कौन्सिलचे नियम आहेत. म्हणून 'सुटलात तर इतके' असा सौदा करू नये, कोर्टाच्या आवारात हात धरणाऱ्या दलालाच्या मागे जाऊ नये. फी आधी ठरवावी, पावती घ्यावी, वकीलपत्र वाचून सही करावी. आणि पैसा नसेल तर? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरीव मर्यादेखालील उत्पन्नाचे लोक ह्यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. तडजोडीजोग्या चालानांसाठी लोकअदालतही आहे.

शेवटी एक गोष्ट, आणि ती मालकवर्गासाठी. आजकाल चालानाचा निरोप मालकाच्या फोनवर येतो, आणि रक्कम पुष्कळदा चालकाच्या पगारातून कापली जाते. पण कायद्याची दृष्टी आपल्यापेक्षा लांबवर जाते. आपल्या नोकराला मर्यादेबाहेर गाडी हाकावयास लावणारा मालकही कलम १८३ प्रमाणे गुन्हेगार आहे. इतकेच नव्हे, तर मर्यादा मोडल्यावाचून जी खेप पुरी होणे शक्य नाही, तिची वेळ बांधून देणे हाच कायद्याने त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला आहे. 'उजाडायच्या आत माल पोचला पाहिजे' असे गिरणीच्या फाटकात उभे राहून सांगताना हे वाक्य आठवावे. आणि चालक बंधूंनी असा हुकूम कोणी, केव्हा दिला ते टिपून ठेवावे, व आपल्या वकिलाला प्रथम तेच सांगावे. रस्त्यावर वेगाने धावते ती गाडी. पण तिला धावावयास लावणारी घाई कित्येकदा गादीवर बसलेली असते. तिचा जाब विचारला जावा, एवढ्यासाठी तरी शहाण्याने ती पायरी चढावी.